पाखड

लॅबमधल्या अकरा नंबरच्या मशीनला
माउस नाही.
पडदाही नसता तरी चाललं असतं,
त्यावर वर्षभराची धूळ आहे
आणि कुणीतरी बोटानं काढलेलं बदक.
तिथं मुद्रिका बिराजदार बसते,
एका कानात बोंडी, दुसरा कान लॅबसाठी मोकळा.
ओळीमागून ओळ, सपाट आवाजात,
यंत्र तिला वाचून दाखवतं
इतक्या वेगानं की मला ते
पाचोळ्यावरून सरडा गेल्यासारखं ऐकू येतं.

मी इथला लॅब असिस्टंट.
उदगीर, देगलूर रोड, तंत्रनिकेतनाची मागची इमारत.
चाव्या, वायरी, हजेरीच्या वहीला दोरा.

जूनमध्ये सर्व्हर तिच्या वाट्याला आला
आणि त्याच्या माहितीपुस्तिकेची चारशे पानं
तिच्याकडे एकच वाक्य होऊन पोचली:
कृपया जावास्क्रिप्ट सुरू करा.
पुढचं पान. कृपया जावास्क्रिप्ट सुरू करा.
"सर, हे पुस्तक हाय का वॉचमन?"

माझ्या पडद्यावर तेच पान उघडलं.
आधी एक गोल फिरत राहिला,
मग डावीकडून यादी सरकत आली, शीर्षकं उमलली,
बाण लुकलुकले,
आणि या सगळ्या वरातीच्या शेवटी नवरदेव म्हणजे
तीन ओळींची आज्ञा.
एवढ्याशा तीन ओळींसाठी एवढा बँड.

त्या रात्री थांबलो.
कोपऱ्यातल्या मशीननं पान आपल्या पोटात पुरतं उघडायचं,
गोल थांबेपर्यंत दम धरायचा,
मग शीर्षक, परिच्छेद, दुवे, कोड
साध्या मजकुराच्या फाइलीत ओतायचे.
प्रोग्रामला नाव दिलं पाखड.
मोंढ्यात बायका तूर पाखडतात
तेव्हा मनगटालाच कळतं काय उडू द्यायचं.
माझ्या मनगटाला कळत नव्हतं.

दुपारीच तिची तक्रार:
"दर पानाला मुख्यपृष्ठ, दर पानाला संपर्क.
सतरा दुवे ऐकल्यावर पयला शब्द येलालाय."
यादी काढली.
"लिनक्ससाठी म्हणतंय आन् गप बसलालंय."
खरंच, पानावर तीन कप्पे होते,
मी फक्त उघड्या कप्प्यातलं झाडून आणलं होतं.
मिटलेल्या कप्प्यांना आणखी दोन रात्री गेल्या,
गफूरभाईनं दोन्ही रात्री गेट उघडताना
मला घर आहे का असं विचारलं.

मग चित्रं राहिली.
पुस्तिकेनं त्यांच्याखाली लिहिलं होतं: चित्र.
मी तिला सांगू लागलो, एक निळा डबा, त्याच्या बाजूला
गोल कडांचा पांढरा डबा, मधे बाण…
"निळा ऱ्हाऊ द्या. बाण कुठनं कुठं?"
साठवणीकडून सर्व्हरकडे, मी म्हणालो.
ती थांबली. फाइलीत चार ओळी मागं गेली,
सरडा पुन्हा पाचोळ्यावरून गेला.
"मजकूर उलटं सांगलालाय."

दोघांनी तपासलं. मजकूर बरोबर होता.
मागच्या दोन बॅचनी चित्र पाहून केलं होतं,
मीच त्यांना म्हणालो होतो, वाचत काय बसता, चित्र बघा,
आणि दोन वर्षांचे निकाल
त्या बाणाच्या टोकावरून पुसले गेले होते.
आम्ही दोष विजेला दिला होता. लेखी.

आता लॅबमधली बाकीची पोरंही
पाखडच्याच फाइली उघडतात,
नेट रांगत असलं तरी त्या उभ्या राहतात.
मुद्रिका चिडते. एका पोरानं तिची खुर्ची नेली होती.
एकोणीसपैकी सहा चित्रांचं वर्णन अजून बाकी आहे,
आणि निळा लिहायचा नाही हे हाताला सांगावं लागतं.

अहवालासाठी प्राचार्यांनी कामाचा फोटो मागितला.
काळ्यावर पांढरी अक्षरं पाठवली.
म्हणाले, यात काहीच दिसत नाही,
काहीतरी दिसेल असं द्या.
मी अकरा नंबरचा पडदा न पुसता
बदकाचा फोटो काढून दिला.